‘मोकळी जमीन’ म्हणजे नेमकं काय? फिनिक्स मिलचं आवार आणि माझा चुकलेला छेद



पेट झाली, गाईड मिळाले, आता विषय पक्का करायचाय, अशा टप्प्यावर असलेल्या बऱ्याच जणांचा एकच प्रश्न असतो: “डेटा गोळा करायला सुरुवात कधी करू?” माझं उत्तर थोडं निराश करणारं आहे. डेटाच्या आधी तुमच्या विषयातला सगळ्यात साधा वाटणारा शब्द शोधा आणि त्याची व्याख्या कुणी, कधी, कशासाठी केली आहे ते बघा. माझ्या बाबतीत तो शब्द होता ‘मोकळी जमीन’. या दोन शब्दांपायी माझ्या पीएचडीचे चार महिने गेले. आणि मुंबई शहराचं काय काय गेलं, ते आजच्या लेखात सांगते.

माझा विषय थोडक्यात असा: शहरातल्या जुन्या औद्योगिक जागांचा वापर कसा बदलतो ते उपग्रहाच्या प्रतिमा आणि नकाशे यांच्या मदतीने मोजायचं. उदाहरण म्हणून मी मुंबईचं गिरणगाव घेतलंय. आज त्यातलं एकच आवार बघू, लोअर परळचं फिनिक्स मिल. इथे तुम्ही बहुतेक खरेदीला किंवा सिनेमाला गेलाच असाल.

आधी थोडा इतिहास

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी 1854 मध्ये ताडदेवला स्थापन केली. त्यानंतरच्या पन्नास-साठ वर्षांत परळ, लालबाग, वरळी, भायखळा या पट्ट्यात चिमण्यांचं जंगल उभं राहिलं. फिनिक्स मिल कंपनी 1905 मधली. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून आलेली माणसं गिरणीच्या भोवती चाळींमध्ये राहिली. चाळीत वर खोल्या, खाली दुकानांचे गाळे, गल्लीत खानावळ, कोपऱ्यावर व्यायामशाळा. पाळी संपल्याचा भोंगा झाला की रस्ता भरायचा. खानावळी चालवणाऱ्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते याच वस्तीत.

आज नियोजनाच्या पुस्तकांत ज्याला ‘मिश्र वापर’ म्हणतात, म्हणजे काम, घर आणि बाजार चालत जाण्याच्या अंतरात, ते गिरणगावात कुणी आराखडा न काढता शंभर वर्षं चालू होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. हा संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, असं आजही सांगितलं जातं. गिरण्या एकेक करून आजारी पडल्या, बंद झाल्या. मागे राहिली जमीन: 58 गिरण्यांची मिळून सुमारे 600 एकर, तीही दक्षिण मुंबईला लागून, दोन रेल्वेमार्गांच्या मधोमध. कापडापेक्षा जमीन महाग झाली होती. प्रश्न एवढाच होता, ती कुणाची?

1991 चा नियम: तीन वाटे

1991 मध्ये बृहन्मुंबईची विकास नियंत्रण नियमावली आली. त्यातला 58 वा नियम गिरण्यांच्या जमिनीसाठी होता. तोवर गिरणीची जमीन उद्योगाशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नव्हती. आता सवलत मिळाली, पण वाटा देण्याच्या अटीवर. ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला बागा आणि मैदानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. नेमके आकडे जमिनीच्या आकारानुसार बदलतात: 5 हेक्टरपर्यंत 33, 27 आणि 40 टक्के, 5 ते 10 हेक्टरला 33, 34 आणि 33, त्यापुढे 33, 37 आणि 30. म्हणजे महापालिकेचा वाटा तिन्ही ओळींत 33 टक्केच. आपण पुढे हाच आकडा धरून चालू.

आता बारकाईने बघा. वाटे कशाचे करायचे? नियमात शब्द होते ‘मोकळ्या जमिनी आणि उरलेला एफएसआय’. (एफएसआय म्हणजे भूखंडाच्या मानाने किती बांधकाम करता येतं ते गुणोत्तर. मुंबई शहर भागात ते मूळ 1.33 होतं.) आणि जी इमारत उभी आहे तिचं काय? ती तशीच ठेवून आत व्यापारी वापर करता येत होता. पण पाडून नवीन बांधायचं तर ती जागाही वाटणीत येते, असा या नियमाचा अर्थ घेतला जायचा.

तुम्ही मालक असता तर काय केलं असतं? शेड पाडलीच नसती! अनेक ठिकाणी तेच झालं. नव्वदच्या दशकात गिरण्यांच्या जुन्या शेडमध्ये कार्यालयं, स्टुडिओ, उपाहारगृहं सुरू झाली. फिनिक्सच्या आवारातही जुन्या बांधकामातूनच दुकानांची आणि करमणुकीची सुरुवात झाली. बोलिंग अ‍ॅली आली तेव्हा तर शहरात बराच वाद झाला. जुन्या मिलच्या विटांच्या भिंतींचं आपण ‘किती छान वारसा जपलाय’ म्हणून कौतुक करतो. पण त्या भिंती टिकण्यामागे सौंदर्यदृष्टीइतकाच नियमातला हिशेबही असू शकतो. इमारतीचा आकार समजून घ्यायचा असेल तर आधी त्या काळचा नियम वाचा. हे मी वास्तुरचनेच्या एकाही पुस्तकात शिकले नव्हते.

मधल्या काळात, 1996 मध्ये, राज्य सरकारने वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली एक अभ्यासगट नेमला. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांच्या जमिनीचा विचार करणं हे त्याचं काम होतं. एकेका गिरणीचा स्वतंत्र तुकडा पाडू नका, सगळ्या जमिनी एकत्र धरून त्यातून सलग मोकळी जागा, घरं, रस्ते यांची आखणी करा, अशी त्यांची दिशा होती. तसं झालं नाही.

2001: शब्द तेच, अर्थ वेगळा

2001 मध्ये नियम 58 बदलला. टक्के तेच राहिले. बदललं ते टक्के कशाचे हे. उभं बांधकाम पाडून तेवढंच पुन्हा बांधायला मुभा मिळाली आणि पाडल्यामुळे मोकळी झालेली जागा वाटणीतून बाहेर गेली. म्हणजे वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची आणि उरलेल्या एफएसआयची.

एक काल्पनिक गिरणी घेऊ. एकूण जमीन 6 हेक्टर. त्यातल्या 4 हेक्टरवर शेड आणि 2 हेक्टर मोकळं. गणित सोपं व्हावं म्हणून एफएसआयचा भाग सध्या बाजूला ठेवते.

सगळी जमीन वाटणीत धरली तर महापालिकेचा वाटा: 6 गुणिले 33 टक्के, म्हणजे 1.98 हेक्टर.
फक्त आधीची मोकळी जमीन धरली तर: 2 गुणिले 33 टक्के, म्हणजे 0.66 हेक्टर.

टक्केवारी दोन्हीकडे 33 च. कुणी विचारलं तर “एक तृतीयांश दिली” हे उत्तर दोन्ही वेळा खरं. पण मैदान तिप्पट लहान झालं. आणि विणकामाच्या शेड बहुतेक एकमजली आणि पसरट असायच्या, छपराला करवतीसारखे दाते, त्यातून उत्तरेचा उजेड आत यायचा. त्यामुळे गिरणीच्या आवारात आधीपासून मोकळी अशी जागा कमीच असायची. छेद छोटा करायला इतकी सोयीची इमारत दुसरी सापडणार नाही.

हे प्रकरण न्यायालयात गेलं. पर्यावरण क्षेत्रातल्या एका संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2005 मध्ये याचिकाकर्त्यांच्या बाजूने निकाल दिला. 7 मार्च 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि 2001 चा अर्थ कायम राहिला. दरम्यान 2005 मध्येच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या पाच गिरण्यांची विक्री होऊन गेली होती: ज्युपिटर, अपोलो, एल्फिन्स्टन, मुंबई टेक्स्टाइल आणि कोहिनूर क्रमांक 3. पाचांची मिळून किंमत सुमारे 2,020 कोटी रुपये. यावरून एका शब्दाच्या अर्थाची किंमत किती असू शकते त्याचा अंदाज येईल.

आता माझी चूक

पहिल्या वर्षी मला हे काहीही माहीत नव्हतं. मी एम.एस्सी.ला जिओइन्फर्मेटिक्स केलेलं, त्यामुळे हातात हत्यार होतं. लँडसॅटच्या प्रतिमा फुकट मिळतात. त्यातला एक पिक्सेल जमिनीवर 30 मीटर बाय 30 मीटर, म्हणजे 900 चौरस मीटर. 6 हेक्टरच्या आवाराला जेमतेम 66 पिक्सेल येतात. मी 2000 च्या दशकातल्या प्रतिमा घेतल्या आणि प्रत्येक पिक्सेलला ‘बांधलेलं’, ‘हिरवं’ किंवा ‘उघडी माती’ असं वर्गीकरण दिलं. हिरवं आणि माती मिळून झाली ‘मोकळी जमीन’. तिचे 33 टक्के काढले, प्रत्यक्षातल्या बागांशी तुलना केली आणि तक्ता तयार. वर्गीकरणाची अचूकता चांगली आली होती. मी खूश.

मग एका चाळीत मुलाखतीसाठी गेले. निवृत्त गिरणी कामगार, वय ऐंशीच्या घरात. नकाशा कशाला आणलायस म्हणून त्यांनी हातात घेतला, चष्मा वर-खाली केला आणि माझ्या पिवळ्या पट्ट्यावर बोट ठेवलं.

“पोरी, हे काय?”

“काका, ही मोकळी जमीन.”

“मोकळी कुठली? इथे आमचं साचाखातं होतं. पाडलं ना ते.”

मी हसले, वहीत लिहून घेतलं आणि परत येताना लोकलमध्ये माझं डोकं चालायला लागलं. माझा पिक्सेल खोटं बोलत नव्हता. त्या तारखेला तिथे खरंच माती होती. पण ती पाडकामानंतरची माती होती. 2001 च्या नियमात अशी जागा ‘मोकळी’ नाही. म्हणजे त्या अर्थाने माझा छेद फुगलेला. बरं, 1991 चा अर्थ घ्यावा तर ज्या शेड अजून उभ्या होत्या त्यांची जागाही धरायला हवी होती, ती मी सोडलेली. म्हणजे माझा आकडा दोन्हींपैकी कुठल्याच नियमाने बरोबर नव्हता! प्रतिमा कुठल्या महिन्यातली यावर माझं उत्तर ठरत होतं, आणि मला वाटत होतं मी धोरणाचा परिणाम मोजतेय.

गाईड सरांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “तुझी मोकळी जमीन उपग्रहाची आहे. शासनाची मोकळी जमीन वेगळी, आणि त्या काकांची आणखी वेगळी. प्रबंधात कुणाची वापरतेस ते लिहिलंयस का?” लिहिलं नव्हतं. प्रकरण परत लिहावं लागलं.

आता माझ्या तक्त्यात एका रकान्याऐवजी तीन आहेत: त्या तारखेला डोळ्यांना दिसणारी मोकळी जागा, 1991 च्या अर्थाने वाटणीत येणारी जागा आणि 2001 च्या अर्थाने येणारी जागा. दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यासाठी उपग्रह पुरत नाही. पाडकामाच्या आधीचे नकाशे शोधावे लागतात, जुन्या शेडच्या कडा त्यावरून उतरवाव्या लागतात. वेळ जातो. पण दुसऱ्या रकान्यातून तिसरा वजा केला की जे उरतं तेच माझं संशोधन आहे. त्या वजाबाकीत शहराची न झालेली मैदानं आणि घरं आहेत.

मोजपट्टी काय बघत नाही

आणखी एक गोष्ट सांगून थांबते. ‘मिश्र वापर’ मोजायला आमच्याकडे एन्ट्रॉपी निर्देशांक वापरतात. कल्पना सोपी आहे. आवारातल्या प्रत्येक वापराचा हिस्सा घ्या, त्याला त्याच्याच नैसर्गिक लॉगने गुणा, सगळ्यांची बेरीज करून चिन्ह उलटं करा आणि वापरांच्या संख्येच्या लॉगने भागा. उत्तर 0 ते 1 मध्ये येतं. एकच वापर असेल तर 0, सगळे समसमान असतील तर 1.

समजा, एका वस्तीत 60 टक्के घरं, 30 टक्के कामाच्या जागा आणि 10 टक्के दुकानं आहेत. निर्देशांक येतो 0.82. दुसऱ्या आवारात 60 टक्के दुकानं, 30 टक्के कार्यालयं आणि 10 टक्के घरं. करून बघा, तोही 0.82 च! सूत्राला कुठला हिस्सा कशाचा आहे याच्याशी देणंघेणं नाही. घर दहा बाय बाराच्या खोलीचं की मनोऱ्यातलं, दुकानात पाव किलो साखर मिळते की घड्याळ, आवाराला फाटक आहे का, हेही त्याला दिसत नाही.

आजच्या फिनिक्सच्या आवारात दुकानं आहेत, सिनेमा आहे, 2009 मध्ये सुरू झालेलं पॅलेडियम आहे, सेंट रेजिस हॉटेलचा मनोरा आहे. जुनी चिमणीही उभी आहे. कागदावर हा उत्तम मिश्र वापर आहे, आणि मॉलमध्ये मलाही गार वाऱ्यात बसायला आवडतं, खोटं कशाला बोलू. पण शंभर वर्षांपूर्वीच्या गिरणगावात जो काम करायचा तोच शेजारी राहायचा आणि तिथेच जेवायचा. आज तिथे काम करणारा बहुतेक वेळा लोकलने येतो आणि लोकलने जातो. 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली. त्याच वर्षी 29 डिसेंबरला कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहाला आग लागून 14 जण गेले. या दोन्हींचं कारण नियम 58 आहे असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही आणि तुम्हीही असं घाईने म्हणू नका. पण गिरणीच्या काळात आखलेल्या रस्त्या-पुलांवर आणि आवारांवर नवा वापर किती आला हे मोजायचं असेल, तर 0.82 हा आकडा मदत करत नाही एवढं नक्की म्हणता येतं.

घरांचंही थोडक्यात सांगते. म्हाडाच्या वाट्याच्या जमिनीवर गिरणी कामगारांसाठी इमारती झाल्या. 2012 मध्ये 6,925 घरांची सोडत निघाली. अर्ज दीड लाखांच्या आसपास होते. हे दोन आकडे शेजारी ठेवा आणि मघाचं 1.98 व 0.66 आठवा. छेदाचं गणित कुणाच्या दारात जाऊन थांबतं ते लक्षात येईल.

तुमच्या कामासाठी

पहिलं, तुमच्या विषयातला मुख्य शब्द कायद्यात, उपकरणात आणि माणसांच्या बोलण्यात तीन वेगळ्या अर्थांनी वापरला जातोय का ते बघा. ‘बेरोजगार’, ‘सिंचित क्षेत्र’, ‘साक्षर’, ‘जंगल’ यातला कुठलाही शब्द घ्या. तीन अर्थ सापडले तर घाबरू नका, तिथेच तुमचा संशोधन प्रश्न असण्याची शक्यता आहे.

दुसरं, टक्केवारी दिसली की आधी छेद विचारा. ‘किती टक्के’ हे सगळे सांगतात, ‘कशाचे’ हे फार थोडे सांगतात.

तिसरं, मूळ नियम वाचा, त्याबद्दलचे लेख नंतर. आणि सुधारणेची तारीख वहीत मोठ्या अक्षरात लिहा. एकाच नियमाचे 1991 आणि 2001 हे दोन वेगळे नियम आहेत असं समजूनच चाला.

चौथं, नकाशा तयार झाला की तो अशा माणसाला दाखवा जो त्या जागेवर राहिला किंवा राबला आहे. तुमच्या अचूकतेच्या तक्त्यात न सापडणारी चूक त्याला एका बोटात सापडते.

माझं दुरुस्त केलेलं प्रकरण सरांकडे गेलंय. छापील नकाशाची एक प्रत मी त्या काकांनाही नेऊन दिली. यावेळी साचाखात्याच्या जागेला वेगळा रंग आहे. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “बॉयलर राहिला तुझा.”

तर बॉयलर शोधायचाय अजून. पुढच्या लेखात जुने नकाशे आजच्या नकाशावर नेमके कसे बसवायचे ते सांगेन. तोवर तुमच्या विषयातला तो एक साधा शब्द शोधून ठेवा, आणि सापडला तर मला नक्की कळवा.